कंपनी काढू की स्वतःच्याच नावावर बिलं पाठवू?

बजेटच्या दुसऱ्या दिवशी मला एक फोन हमखास येतो. ‘भाऊ, स्वतःची कंपनी काढू का?’ विचारणारा बहुतेक वेळा नोकरी सोडून त्रिमूर्तीनगर किंवा मनीषनगरमधल्या घरून काम करणारा असतो. एक क्लायंट पुण्याचा, एक लंडनचा आणि महिन्याचं बिल अडीच लाखांच्या आसपास. (नागपुरात कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे सिमेंट रोडवालाच उभा राहतो. त्याचं गणित वेगळं. इथे बोलतोय ते लॅपटॉपवाल्यांबद्दल.)

ही कल्पना बहुतेकांच्या डोक्यात येते ती इंग्लंडमधल्या कॉन्ट्रॅक्टरांकडून. तिकडचा फंडा असा: स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची, पगार जेमतेम घ्यायचा आणि बाकीचा पैसा डिव्हिडंड म्हणून, म्हणजे नफ्यातला भागधारकाचा वाटा म्हणून काढायचा, कारण डिव्हिडंडवर कर कमी. पण तिथल्या सरकारनेही हा नळ हळूहळू आवळत आणला. एप्रिल २०१६ मध्ये ५,००० पौंडांपर्यंतच्या डिव्हिडंडवर कर नव्हता. ती मर्यादा आधी २,००० वर, मग १,००० वर आणि एप्रिल २०२४ पासून ५०० पौंडांवर आली.

आपल्याकडे नळ आवळत बसले नाहीत, थेट जोडणीच बदलली. ३१ मार्च २०२० पर्यंत डिव्हिडंडवरचा कर कंपनी भरायची, सगळं धरून २०.५६ टक्के. भागधारकाला १० लाखांपर्यंत वेगळं काही द्यावं लागत नसे. मी २०१८ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड काढली ती याच हिशेबावर. २०२०च्या बजेटने तो कर काढून टाकला, पेपरांत ‘डिव्हिडंड टॅक्स रद्द’ असे मथळे आले आणि मीही खूश झालो. खरं तर कर गेला नव्हता, माझ्या खिशाकडे सरकला होता. आता डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. कंपनीने नफ्यावर भरायचा कर आहे तो आहेच.

आता आकडे मांडू. वर्षाची बिलं ३० लाखांची, खरा खर्च ४ लाखांचा. नवी कररचना, २०२५च्या बजेटमधले स्लॅब. २०२६च्या बजेटने त्यांना हात लावलेला नाही.

स्वतःच्या नावावर काम करत असाल आणि तुमचा व्यवसाय प्राप्तिकर कायद्यातल्या यादीत बसत असेल (इंजिनिअर, आर्किटेक्ट, वकील, डॉक्टर, तांत्रिक सल्लागार वगैरे), तर प्राप्तिकराचं ४४एडीए कलम लागू होतं. बिलांच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाची पावती कोणी मागत नाही. १५ लाखांवर सेससकट कर होतो १ लाख ९ हजार २००. हे कलम २०१६च्या बजेटमध्ये आलं. आधी मर्यादा ५० लाखांची होती. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर २०२३ पासून ती ७५ लाख झाली. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, पण सीए लोकांच्या तोंडी अजून ४४एडीएच आहे.

तेच काम कंपनीच्या नावावर केलं तर नफा २६ लाखांचा. कंपनीचा कर २५.१७ टक्के, म्हणजे साधारण साडेसहा लाख. उरलेले १९ लाख ४५ हजार डिव्हिडंड म्हणून घेतले की तुमच्या नावावर आणखी पावणेदोन-दोन लाख. एकूण साडेआठ लाख! सगळा पैसा डिव्हिडंडऐवजी संचालकाचा पगार म्हणून काढला तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि कर साडेतीन लाखांवर येतो. तरीही ४४एडीएच्या तिप्पट.

म्हणून ७५ लाखांच्या आत आणि यादीतल्या व्यवसायात असाल, तर करासाठी कंपनी काढू नका. यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

कराशिवायचा जाच वेगळाच. कंपनीचं एक रुपयाचंही बिल नसलं तरी ऑडिट लागतं. वार्षिक फॉर्म भरायला उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चार. ४४एडीएवाल्याला १५ मार्चचा एकच पुरतो. पण मला खरा फटका बसला तो भलतीकडेच. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कंपनीच्या खात्यातून दीड लाख काढले, पुढच्या महिन्यात परत टाकू म्हणून. मार्चअखेर सीएने स्टेटमेंटवर पेन्सिलने गोल केला.

‘हे काय आहे?’

‘उसने घेतले होते. पैसे माझेच तर आहेत.’

‘तुमचे नाहीत, कंपनीचे आहेत. आणि कायद्याने हे कर्ज नाही, डिव्हिडंड आहे.’

दहा टक्के किंवा जास्त मतहक्काचे शेअर असलेल्या माणसाला अशी कंपनी कर्ज देते, तेव्हा साठलेल्या नफ्याइतकं ते डिव्हिडंडच धरलं जातं. परत केलं तरी सुटका नाही. स्वतःच्या नावावरच्या धंद्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. (प्राप्तिकर खात्याच्या अधिकाऱ्यांना हे शिकवणारी अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे. मी आठवड्यातून दोनदा तिच्यावरून जात होतो.) २०२२ मध्ये कंपनी बंद केली. नाव काढून टाकायची सरकारी फीसुद्धा १०,००० रुपये.

७५ लाखांच्या वर गेलात तर चित्र बदलतं. तिथे मी आधी एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा विचार करेन. कर ३१.२ टक्के, पण भागीदाराच्या वाट्याला आलेल्या नफ्यावर पुन्हा कर नाही. कंपनीचा नफा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये डिव्हिडंड म्हणून काढला तर दोन्ही कर मिळून ४८ टक्क्यांच्या वर जातात. एलएलपीला दोन भागीदार लागतात आणि ४४एडीए मिळत नाही. उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याचं ऑडिट लागत नाही, पण तेवढ्या उलाढालीला एलएलपी काढायचीच कशाला?

कंपनी शोभते ती पैसा आतच ठेवणाऱ्याला. चार पोरं कामावर घ्यायची आहेत, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात जागा बघताय, गुंतवणूकदार आणायचा आहे, तर २५ टक्के भरून उरलेलं धंद्यात फिरवणं परवडतं. घरखर्च त्यातूनच काढायचा असेल तर नाही.

‘आम्ही फक्त कंपनीलाच काम देतो’ असं क्लायंट म्हणाला तर एकदा लेखी विचारून घ्या. मला दोघांनी तसं सांगितलं होतं. ३० लाखांच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी तशीही लागतेच. तो नंबर पाठवल्यावर दोघांनीही माझ्याच नावावर काम सुरू केलं.