कॅमेरा परवान्याच्या नावाखाली २८,०३० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

व्याघ्र प्रकल्पातल्या सफारीचं बुकिंग खरं होतं, वन विभागाच्याच साइटवरून केलेलं. हे आधीच सांगतो, कारण "कुठल्यातरी एजंटकडून घेतलं असेल" हे ऐकून ऐकून कान किटलेत. प्रवेश, जिप्सी, गाईड, सगळं चोख होतं. लुटलं ते कॅमेऱ्यावरून.

मुलाकडे दोन कॅमेरे आहेत, एकाला ४०० मिमीची लेन्स. त्याला व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायचा होता. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून सगळीकडे कडक वातावरण आहे. गेटवर कॅमेरा अडवला तर पोराचा हिरमोड होणार, म्हणून आधीच चौकशी करावी म्हटलं. गुगलवर प्रकल्पाच्या नावापुढे 'कॅमेरा परमिट' टाकलं आणि वर आलेला नंबर लावला. नियम मोडणाऱ्याला हे लोक गाठतच नाहीत. नियम पाळायला निघालेला माणूस यांचं गिऱ्हाईक!

समोरचा अगदी अदबीने बोलत होता. "सर, फोटोला फी वेगळी, व्हिडिओला साहेबांची परवानगी लागते." लगेच बुकिंग आयडी आणि आधार मागितलं. मग हिशोब आला: दोन कॅमेऱ्यांचे ३,०००, चित्रीकरण परवाना ८,५००, त्यावर जीएसटी १,५३०, आणि परत मिळणारी अनामत १५,०००. क्यूआर कोड स्कॅन केला तर खाली एका व्यक्तीचं नाव. मी ते पाहिलं, विचारलंही. "मार्च एंड आहे ना सर, सरकारी खातं बंद आहे, म्हणून अकाउंटंटच्या खात्यात घेतोय." ज्याने आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांत मार्च एंड ऐकलाय, त्याला हे पटणारच.

पैसे दोन टप्प्यांत घेतले. आधी १३,०३०, मग परवान्याची पीडीएफ, आणि ती बघून माझा विश्वास बसल्यावर १५,००० अनामत. ती पीडीएफ आता उघडली की अंगाची लाही लाही होते. वाघाचं बोधचिन्ह, गोल शिक्का, जावक क्रमांक, सही. आणि अट क्रमांक तीन: 'परवानाधारकास मोबाईलद्वारे चित्रीकरणाची मुभा राहील.' मोबाईल! जो सफारीला नेताच येत नाही, असं माझ्या बुकिंगच्याच कागदावर छापलेलं होतं. परवान्याची मुदत सुरू होत होती ती प्रकल्पाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. दोन्ही कागद एकाच फोनमध्ये होते. शेजारी ठेवून वाचले असते तर निदान ते १५,००० वाचले असते.

गेटवर लेन्स पाहून ५०० रुपये घेतले, पावती दिली. संपलं. हौशी पर्यटकाला एवढंच लागतं. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते, त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. व्हॉट्सॲपवर अर्ध्या तासात ती मिळत नाही.

आता पुढचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणते, "पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला." पोलीस स्टेशनात सांगितलं, "हद्द आमची नाही, जंगल जिथे आहे तिथे जा." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते. हे मी सांगितलं तर "मग वकीलच आणा" असं उत्तर. वन खात्याच्या कार्यालयात गेलो, तर "आमच्या नावाने कोणी फसवलं त्याला आम्ही काय करणार?" अहो, तुमचा शिक्का, तुमचं बोधचिन्ह वापरलंय! तुम्ही स्वतः का तक्रार करत नाही? कुठल्या लेन्सला किती शुल्क, हे बुकिंगच्या पानावर ठळक का छापत नाही? ते छापलं असतं तर मला गुगल करायची वेळ आली नसती. मला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, "शिकले सवरलेले दिसता, मग पैसे पाठवलेच कसे?" ताडोबाच्या ऑनलाईन बुकिंगमध्ये खुद्द व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाचीच १२ कोटींहून अधिक रकमेची फसवणूक झाल्याचा गुन्हा २०२३ मध्ये नोंदला गेला. तेव्हा तिथल्या साहेबांना कोणी असं विचारलं होतं का?

क्यूआरखाली व्यक्तीचं नाव दिसलं की तिथेच थांबा, कारण कितीही पटणारं असो. कॅमेऱ्याचं शुल्क गेटवरच भरा, पावती घ्या. 'परत मिळणारी अनामत' म्हटलं की फोन ठेवा. बुकिंग आयडी कोणाला देऊ नका, त्यावरूनच तो मला नावाने हाक मारायला लागला होता. पैसे गेले असतील तर घरच्यांना काय सांगू याचा विचार करत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली तरच काही हाती लागतं. माझी रक्कम अजून आलेली नाही, आणि उन्हाळ्याचं बुकिंग जोरात सुरू असताना तो नंबर आजही शोधल्यावर वरच दिसतो.