काकू, दात सोडा!

सुरुवात दाताच्या डॉक्टरकडे झाली आणि पोचले कुठे बघा, फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये, त्याचाच हा रिव्ह्यू. जानेवारीत डाव्या दाढेतलं सिमेंट तिसऱ्यांदा निघालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही झोपेत दात खाता का? म्हटलं घरी विचारून सांगते. नवरा म्हणाला, "खातेस का म्हणजे? जात्यावर दळण बसल्यासारखा आवाज येतो, मला वाटलं तुला माहितीये." बावीस वर्षं झाली लग्नाला! दिवसा मी कोणावर दात खात नाही हो, बँकेत लोन डिपार्टमेंटला असूनही, सगळं बहुतेक रात्रीसाठी राखून ठेवत असणार.

डॉक्टरांनी रात्री दातांवर चढवायला नाइट गार्ड करून दिलं, पण हेही सांगून टाकलं की याने दात वाचतील, दाबणं काही थांबणार नाही, जबड्याचे स्नायू दगड झालेत, फिजिओला दाखवा. मला फिजिओ म्हणजे गुडघे आणि फ्रॅक्चरनंतरचे व्यायाम एवढंच माहीत. जबड्याला कसला फिजिओ, म्हणून मी ते महिनाभर टाळलं.

त्या महिन्यात भाचीने वाढदिवसाला दिलेलं एका स्पाचं व्हाउचर वापरून आले. बासरी, गवती चहाचा वास, कोमट तेल, तासभर झक्कास वाटलं, खोटं का बोला. पण रिक्षात बसेपर्यंत खांदे परत कानाला. निघताना तिथल्या मुलीने ग्रीन टी दिला आणि म्हणाली भरपूर पाणी प्या मॅम, टॉक्सिन्स बाहेर पडतील. पडू देत बिचारे.

मग मार्च एंडिंगला तोंड उघडून जांभईसुद्धा देता येईना, कानापुढे कट्ट आवाज यायचा, आणि तेव्हा कुठे डोंबिवली पूर्वेच्या या फिजिओ क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे तक्रारीपण आहेत. फिजिओ मॅडम तिशीच्या असतील, मला पहिल्याच वाक्यात काकू म्हणाल्या. वय वर्षं सत्तेचाळीस, पण ठीक आहे, आता काकूच.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं तिने हातच लावला नाही. बीपी, थायरॉइड, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पायात कधी गुठळी झाली होती का, कुठलं हाड मोडलंय का, हे सगळं विचारलं (स्पामध्ये यातलं एकही विचारलं नव्हतं, नुसतं लॅव्हेंडर की लेमनग्रास). मग छोट्या पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं, एकतीस मिलिमीटर. चाळीसच्या आसपास तरी पाहिजे म्हणाली, सोपी खूण म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. माझी दोन जेमतेम. मग विचारलं ट्रेनमध्ये हँडल कुठल्या हाताने धरता. मी रोज ठाण्यापर्यंत उभी, नशीब असलं तर पुढे चौथी सीट (म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकायचं), उजवा हात वर आणि पर्स पोटाशी डाव्या हाताने गच्च. हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. आणि मी हे हातवारे करून सांगत असतानाच ती मध्येच म्हणाली, "काकू, आत्ता दात टेकलेत का?" टेकलेले होते. "आणि उजव्या पायाची बोटं?" चपलेत मुडपून बसलेली, जसं काही खालून कोणी चप्पल ओढून नेणार आहे. जेवताना आणि गिळताना सोडलं तर दात एकमेकांना टेकायलाच नकोत हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता मुख्य भाग. याला ते मायोफेशियल रिलीज म्हणतात. तेल नाही, कारण तेलाने हात सरकतो आणि इथे सरकायचं नसतं, पकडायचं असतं. स्नायूंवर जे पातळ पांढरं आवरण असतं (चिकन धुताना हाताला लागतो तो पापुद्रा, डिट्टो तोच प्रकार) ते फेशिया. तळवा ठेवायचा, हळू एका दिशेला ताण द्यायचा आणि तसंच दीड-दोन मिनिटं थांबायचं. बघणाऱ्याला वाटेल बाई नुसती हात ठेवून बसलीये आणि आठशे रुपये घेतीये. मलाही आधी तेच वाटलं.

मग ती डोक्याशी येऊन बसली, दोन्ही हातांची बोटं कवटी संपते तिथे मानेच्या वरच्या खळग्यात खालून लावली आणि म्हणाली डोकं सोडा माझ्या हातात. मी सोडलं. ती म्हणाली नाही सोडलं. मी म्हटलं सोडलंय हो. "काकू, तुम्ही मदत करताय मला. मदत नको." आणि खरंच, मी डोकं अर्धा इंच उचलून धरलं होतं, तिला ओझं नको म्हणून! माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं, ते दुसऱ्याच्या हातात टाकायचं म्हणजे मला उधार मागितल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला ते कसं कोण जाणे आपोआप जड झालं, आणि मला लागोपाठ सात-आठ जांभया आल्या, तोंड न उघडणाऱ्या बाईला.

जबड्याचं काम शेवटी. ग्लोव्ह घालून अंगठा गालाच्या आतून आणि बोटं बाहेरून, मधे तो चावण्याचा स्नायू चिमटीत. मॅसेटर त्याचं नाव. दुखतं. स्पष्ट लिहिते, डोळ्यासमोर काजवे. दहापैकी सहाच्या वर गेलं की हात वर करा, मी थांबेन असं आधीच सांगितलेलं होतं आणि मी एकदा केला तर ती खरंच थांबली. पण दुसऱ्या बाजूला दाब हलका झाला आणि मला एकदम रडू आलं. दुखण्याचं नाही. कसलं ते मला आजही सांगता येत नाही, डोक्यात कुठली आठवणसुद्धा नव्हती, नुसतं कानात पाणी जात होतं. तिने काही विचारलं नाही, टिश्यू दिला, आणि एक हात कपाळावर ठेवून बसून राहिली. हे न विचारणं मला फार आवडलं.

कारण बाहेर वेटिंगमध्ये जे पोस्टर आहे ना, 'शरीरात साठलेल्या भावना मोकळ्या करा', त्याने माझं डोकं आधीच फिरलं होतं. नितंबात राग, छातीत दुःख, जबड्यात न बोललेले शब्द, असा शरीराचा नकाशाच. दुसऱ्या सिटिंगला मी सरळ विचारलं की हे खरं आहे का. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, पोस्टर क्लिनिकच्या मालकांनी लावलंय. ताणात असलं की अंग आवळतं, श्वास वरवर होतो, आणि सवय झाली की ताण गेला तरी आवळणं राहतं एवढं खरं, पण अमुक भावना तमुक स्नायूत अशी कपाटं नसतात. कोणी हळू आणि सुरक्षित हात लावला की मज्जासंस्था सैल पडते, त्यात कोणाला झोप येते कोणाला रडू. फेशिया तर इतका चिवट असतो की दोन मिनिटांत हाताने तो कायमचा लांबत वगैरे नाही, जे होतं ते बहुतेक मेंदू पकड सोडतो म्हणून होतं. आणि टॉक्सिन्सबद्दल विचारलं तर हसली, त्यासाठी लिव्हर आणि किडनी आहेत म्हणाली.

घरी येऊन मी थोडं वाचलंच. दाबलेल्या भावनांनी स्नायू चिलखतासारखे आवळून राहतात ही पोस्टरवाली कल्पना विल्हेल्म राइश या, मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडच्या शिष्याने १९३० च्या दशकात मांडली, आणि फेशियावर हाताने काम करायची पद्धत गाजवली आयडा रोल्फ या अमेरिकन बाईंनी. शिक्षणाने बायोकेमिस्ट, १९२० ची पीएचडी. त्यांचा कोर्स बरोबर दहा सिटिंगचा असायचा. आमच्या क्लिनिकचं पॅकेजसुद्धा दहाचंच आहे, ते तिथून आलं की रिसेप्शनवरच्या मुलाच्या डोक्यातून, देव जाणे.

मला मात्र सारख्या आठवत होत्या माझ्या बाळंतपणातल्या मालिशवाल्या मावशी. सकाळी सातला यायच्या, पाटावर बसवून तिळाच्या तेलाने अंग रगडायच्या आणि दर दोन मिनिटांनी ओरडायच्या, "अंग सोड गं पोरी, अंग सोड!" तेव्हाही मी सोडत नव्हते. त्या पोस्टर-बिस्टर न लावता तेच सांगत होत्या, फक्त पाठीत धपाटा घालून.

आता तक्रारी. एक, पॅकेज. प्रत्येक वेळी पैसे देताना रिसेप्शनवरचा मुलगा दहाचं घ्या काकू, आठ हजारचं सात हजारात पडेल म्हणून मागे लागतो. घेऊ नका, चार सिटिंगमध्ये फरक पडतोय का ते आधी बघा. दोन, वेळ. साडेसहाची अपॉइंटमेंट म्हणजे सात, आणि वेटिंगमधे टीव्हीवर मोठ्या आवाजात न्यूज चॅनल, आठ जण एकदम भांडतायत, आत जाऊन सैल व्हायचंय आणि बाहेर हे. तीन, आणि ही मोठी, चौथ्या वेळी मॅडम सुट्टीवर होत्या आणि मला न विचारता एका शिकाऊ मुलाकडे दिलं. त्याने खांद्यावर कोपर असा रोवला की दोन दिवस हिरवं-निळं होतं. हात वर केला तर म्हणतो थोडं सहन करा, गाठ फुटतीये. गाठ काय फुटते, कांदा आहे का? मॅडमना सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली आणि ते पैसे पुढच्या सिटिंगला धरले, पण अपॉइंटमेंट घेतानाच कोण करणार ते विचारून घ्या.

पहिल्या वेळी तपासणी धरून हजार, नंतर पाऊण तासाचे आठशे. कमी नाहीत. पण त्यातलं निम्मं तर घरी करायचं शिकवलं त्याचं आहे. ओठ बंद, दात सुटे, आणि 'न' म्हणताना जीभ जिथे लागते तिथे ती ठेवायची. दिवसभर. मी ऑफिसच्या मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी लावलीये, 'दात?' एवढंच लिहिलंय, कस्टमर वाचून स्वतःचे दात चाचपतात.

सात सिटिंग झाली. तोंड एकोणचाळीस मिलिमीटर उघडतं, कानशिलं रोज संध्याकाळी ठणकायची ती आता आठवड्यातून एक-दोनदा, आणि परवा स्टेशनबाहेर वडापाव न चेपता खाल्ला. मानेचा उजवा भाग अजून कुरकुरतो, तो जोपर्यंत ट्रेनने जातीये तोपर्यंत कुरकुरणार असं मॅडमनीच सांगितलंय. पाचात साडेतीन स्टार, चार दिले असते पण तो कोपर आठवतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, शनिवारची वेळ हवी तर सोमवारीच फोन करा.

आणि हो, नवऱ्याला विचारलं रात्रीचं दळण थांबलं का. म्हणाला चालू आहे, पण आधी पीठ पडायचं, आता भरडा पडतो.