१५०-६०० लेन्सचे आठ महिने, आंजर्ल्याच्या पुळणीवर

गेल्या ऑक्टोबरात १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली. सेकंडहँड, ५८,००० रुपयांत. अशा लेन्स तीन-चार कंपन्या बनवतात आणि मी लिहितेय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल, म्हणून नावात अडकत नाही. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फोटो टिपणारी चकती पूर्ण आकाराहून लहान), सहा वर्षं जुना. वापर आंजर्ले, केळशी आणि हर्णै एवढ्याच पट्ट्यात. एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या भरण्यात गेले. ते सोडले तर आठवड्यातून दोन-तीन सकाळी लेन्स किनाऱ्यावर होती.

घेताना मनात एकच होतं: लांबचे पक्षी जवळ येतील. पहिल्या महिन्याचे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले तेव्हा पक्षी मोठे दिसत होते, पण पिसं कुठेच नव्हती. कडा लोणी पाघळावं तशा. लेन्समध्येच खोट आहे असं वाटून मी ती परत करायला निघाले होते. परत करण्याआधी एकदा अंगणात, संध्याकाळच्या सावलीत, जास्वंदीवर बसलेल्या बुलबुलाचा दहा मीटरवरून फोटो काढला. चोचीच्या मुळाशी असलेले बारीक केस वेगवेगळे दिसत होते. लेन्स ठणठणीत होती. अडचण मधल्या हवेची होती. नऊ वाजले की पुळण तापायला लागते, वाळूवरची हवा थरथरते आणि ६०० मिमी त्या थरथरीसकट सगळं मोठं करून दाखवते. शटरचा वेग सेकंदाच्या १/४००० वर नेला तरी ती जात नाही. मधली हवाच कमी करावी लागते, म्हणजे लवकर जायचं आणि जवळ जायचं.

जवळ म्हणजे किती, याचा हिशोब एकदा करून ठेवलेला बरा. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी लावली की ४० मीटरवरचा साधारण दीड मीटर रुंदीचा किनारा चौकटीत मावतो. त्यात १५-१६ सेंटिमीटरचा चिखल्या, हा किनाऱ्यावर धावणारा छोटा पक्षी, म्हणजे चौकटीचा जेमतेम दहावा हिस्सा. तोच १० मीटरवर आला की एक तृतीयांशाहून जास्त जागा व्यापतो. पण इतक्या जवळ एफ ६.३ ला (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं त्याचा आकडा) फोकसमध्ये येणारी जाडी असते सुमारे ७ सेंटिमीटर. डोळा सापडला तर फोटो सापडला. शेपटीवर फोकस बसला की चेहरा गेलाच. म्हणून एकच फोकस पॉइंट ठेवायचा आणि तो डोळ्यावर.

आता जवळ जायचं कसं? चालत गेलं तर चिखल्या पळतो, कुरव (समुद्रपक्षी, इंग्रजीत गल) उडतात. मला या लेन्सचा खरा उपयोग सासऱ्यांनी पंचांग पुढे केलं त्या दिवशी कळला. अण्णांचा जुना ठोकताळा आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण ठरवायला पुरेसं. फोटोसाठी मला पाणी चढतं हवं आणि उजेड कोवळा हवा. दोन्ही जमतं एकादशी-द्वादशीच्या सकाळी. पाणी वर सरकतं, पक्ष्यांची चरायची पट्टी अरुंद होते आणि ते आपल्या पावलांनी आपल्या दिशेने येतात. आपण आधीच जाऊन पडून राहायचं, ओढून ठेवलेल्या एखाद्या होडीच्या आडोशाला, आणि हलायचं नाही. हे लेन्सच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नसतं.

डिसेंबरातली अशीच एक एकादशी. मी पोटावर, कोपरं वाळूत, थंडीने बोटं आखडलेली. केंटिश चिखल्यांची टोळी धावत-थांबत येत होती. एक माझ्यापासून सहा-सात मीटरवर थांबला आणि त्याने उजवा पाय ओल्या वाळूवर भराभरा थरथरवला. त्या हादऱ्याने वाळूतले किडे हलतात, त्याला ते दिसतात आणि तो टिपतो. १/१२५० ला काढलेल्या फोटोत तो नुसता एका पायावर उभा दिसत होता. मी शटर १/१२५ वर आणलं आणि जमतील तितके काढले. बरेच फुकट गेले. दोनांत शरीर स्थिर, डोळा काळाभोर स्पष्ट आणि पाय मात्र धूसर, हलता. आठ महिन्यांतले माझे सगळ्यात लाडके फोटो तेच आहेत.

पडून काढण्याचा दुसरा फायदा पार्श्वभूमीचा. उभं राहून काढलं की पक्ष्यामागे तीन फुटांवरची वाळू येते, शेवाळ, शिंपले, प्लॅस्टिकच्या दोऱ्या सगळं स्पष्ट. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर उतरलं की मागे येतो पन्नास-शंभर मीटरवरचा समुद्र, आणि तो नुसता रंग होऊन जातो. लेन्स जवळपास दोन किलोची. हातात धरून पाच मिनिटं ठीक, पुढे खांदा भरून येतो. ट्रायपॉड वाळूत खचतो आणि खाली उतरतही नाही. मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली आणि तिच्यात भाताचं तूस भरलं. लेन्स तिच्यात बसते, हलकी आहे आणि भिजली तर तूस बदलता येतं. खर्च शून्य. हजारोंच्या स्टँडपेक्षा मला तिने जास्त दिलं.

सेटिंगचं थोडक्यात. मॅन्युअल, एफ ७.१, शटर १/१२५० आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. उडत्या सुरयांसाठी (इंग्रजीत टर्न) १/२५००. पांढरा कुरव ओल्या काळपट वाळूवर असेल तर कॅमेरा फसतो आणि पांढरं जाळून टाकतो. तिथे मी एक्स्पोजर ०.७ ने कमी करते. आकाशात उडत असेल तर उलट, एकने वाढवते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पिसांचा तपशील मिळतो, फक्त डोंगरामुळे ऊन जरा उशिरा उतरतं. संध्याकाळी तपशिलाचा नाद सोडायचा आणि काळ्या आकृत्या काढायच्या. बोटीतून डॉल्फिन काढायचे तर लेन्स बोटीच्या काठाला टेकवू नका. इंजिनची थरथर थेट फोटोत येते.

मार्चमध्ये कासवाची पिल्लं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये कासवांची घरटी राखण्याचं काम उभं केलं, आणि आमच्याकडेही घरटी राखली जातात. पिल्लं सोडताना दोरीमागे उभं राहून काढलं की फोटोत येतं एक काळं बटण. दोरीमागेच आडवं व्हा, पिल्लाचे वल्ह्यासारखे पाय आणि समोरची लाट एका रेषेत येते. ही लेन्स तीन मीटरच्या आतही फोकस करते, त्यामुळे दोरी ओलांडायची गरजच नाही. फ्लॅश किंवा मोबाइलची बॅटरी मुळीच नको. पिल्लं उजेडाकडे जातात आणि समुद्राची वाट चुकतात. हे सांगूनही लोक बॅटरी लावतात तेव्हा फार वाईट वाटतं.

भरतीला दाटीवाटीने बसलेल्या थव्याचंही तसंच. ती त्यांची विश्रांतीची वेळ. एकाने जरी मान ताठ केली तरी मी थांबते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून धावत जाणारे पाहिलेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांना तेवढ्यासाठी उठवायचं नाही.

लेन्सच्या तक्रारी. झूम करताना नळी बाहेर येते आणि बाहेरची हवा आत ओढते, खारी, दमट. वाळू उडत असेल तेव्हा मी ६०० वर ठेवून झूमला हात लावत नाही. लेन्स ट्रायपॉडला बसवायच्या खालच्या पट्ट्याचे स्क्रू तिसऱ्याच महिन्यात गंजले. कंपनीला कळवलं तर 'खाऱ्या हवेचं नुकसान वॉरंटीत नाही' एवढंच उत्तर आलं. आता दर वेळी घरी आल्यावर किंचित ओल्या फडक्याने मीठ पुसते, मग कोरड्याने. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढली की काचेवर बाष्प धरतं, तेव्हा अर्धा तास बॅगेतच राहू द्यावी. एफ ६.३ मुळे सूर्योदयाआधी आयएसओ ३२०० च्या वर जातो आणि फोटो दाणेदार येतात, ते आहेच.

घ्यावी का? तुमच्याकडे ७०-३०० असेल तर आधी तिच्यावर एक हंगाम काढा, पंचांग बघून, पोटावर पडून. दहा मीटरपर्यंत पक्षी येऊ लागले की मग ही घ्या, तेव्हा ती पैसे फेडेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कुरवांची डोकी हळूहळू तपकिरी होत गेली, कानामागच्या एका ठिपक्यापासून पूर्ण टोपीपर्यंत. मग ते मध्य आशियातल्या पठारांकडे निघून गेले. आंब्याच्या धावपळीत शेवटचे कधी गेले ते पाहायचं राहिलं. पुढच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या द्वादशीला सकाळी दोन तास मोकळे ठेवणार आहे, अण्णांना आत्ताच सांगून ठेवलंय. आता पाऊस लागलाय. लेन्स ड्राय बॉक्समध्ये आहे, आतल्या दमटपणाचा काटा ४५ टक्क्यांवर.