झाड जगले, फूल नाही: मिनेसोटातील दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

2024 च्या मे महिन्यात मिनिआपोलिसच्या उपनगरातील आमच्या घराच्या परसात मी चार रोपे लावली: मोठ्या पानांचा निळा हायड्रेंजिया, हनीक्रिस्प सफरचंदाचे कलम आणि हस्कॅपची (निळी, लांबट फळे देणाऱ्या झुडपाची) दोन झुडुपे. लावणी कशी करावी हे सर्वत्र वाचायला मिळते, म्हणून ते सांगत नाही. दोन हिवाळे काढल्यावर काय उरले आणि पैसे कुठे वाया गेले, तेवढेच लिहिते.

सुरुवात हायड्रेंजियापासूनच करावी लागेल, कारण चाळीस डॉलर मोजून आणलेल्या या रोपाने पहिल्या पंधरा महिन्यांत मला एकही फूल दिले नाही. लेबलवर ‘झोन 5 ते 9’ असे छापले होते, म्हणजे थंडीच्या ज्या पट्ट्यांत हे रोप जगते ते; आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने थंडी-सहनशीलतेचा नवा नकाशा काढला आणि त्यात आमचा भाग 4 ब मधून 5 अ मध्ये आला. म्हणून मी निर्धास्तपणे ते रोप उचलले. नकाशातील आकड्याचा अर्थ मी नीट समजून घेतला नव्हता. 1991 ते 2020 या तीस वर्षांत दरवर्षी जे सर्वांत कमी तापमान नोंदले गेले, त्यांची ती सरासरी आहे. 5 अ म्हणजे उणे 20 ते उणे 15 फॅरनहाइट, सेल्सियसमध्ये साधारण उणे 29 ते उणे 26. सरासरी म्हटली की काही वर्षे तिच्याहून थंड असणारच. या तीस वर्षांच्या आतच, 30 जानेवारी 2019 रोजी, मिनिआपोलिसचा पारा उणे 28 फॅरनहाइटपर्यंत उतरला होता.

माझी खरी तक्रार मात्र याहून वेगळी आहे. लेबलवरचा आकडा झाड जगेल की नाही, एवढेच सांगतो. फुलाच्या कळ्यांविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा सरताना जुन्या फांद्यांच्या टोकांशी तयार होतात. बर्फाच्या वर राहिलेल्या त्या फांद्या जानेवारीत मरतात, वसंतात बुंध्यापासून जोमदार नवी फूट येते आणि आपल्याला वाटते की झाड वाचले. झाड वाचलेलेच असते. फक्त त्या फुटीवर पाने येतात, फुले येत नाहीत.

नर्सरीने दोन वर्षांची हमी दिली होती. गेल्या ऑगस्टमध्ये मी पावती आणि फोटो घेऊन तिथे गेले, सोबत एक सुकलेली फांदी आणि बुंध्याची एक हिरवी फूटही कापून नेली. काउंटरवरच्या बाईंनी आधी सुकलेल्या फांदीची साल अंगठ्याच्या नखाने खरवडली. आत तपकिरी, कोरडे लाकूड होते. मग हिरवी फूट खरवडली आणि आतला ओला, पोपटी थर मला दाखवत त्या म्हणाल्या, “झाड जिवंत आहे, त्यामुळे हमी लागू होत नाही.” मी सांगितले की मी हे झाड पानांसाठी विकत घेतले नव्हते. त्यांनी हमीपत्रावरचा ‘मृत’ हा शब्द बोटाने दाखवला. शब्दाला शब्द लावला तर त्या बरोबर होत्या, पण फुलांचा फोटो छापलेले लेबल लावून रोप विकायचे आणि फुलांची जबाबदारी झटकायची, हे मला आजही पटत नाही.

थंडीत कळ्याही टिकतील असे झुडूप देणे अशक्य नाही, हे इथल्याच विद्यापीठाने फार पूर्वी दाखवले आहे. मिनेसोटा विद्यापीठाने 1978 पासून ‘नॉर्दर्न लाइट्स’ या मालिकेतील अझेलिया बाजारात आणल्या. त्यांची निवड करताना झाडाबरोबर फुलाची कळी किती थंडी सोसते हे पाहिले गेले, आणि उणे 30 फॅरनहाइटलाही त्या कळ्या टिकतात. मेच्या अखेरीस चॅनहॅसनच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात, ही झुडुपे पानांआधीच गुलाबी, केशरी फुलांनी भरून जातात. मी ती पाहिली, पण माझी खरेदी झाल्यानंतर.

हनीक्रिस्पही त्याच विद्यापीठाचे, 1991 चे वाण. थंडीने त्याला काही केले नाही, सशांनी मात्र केले. बर्फ साचत जातो तसे ससे त्यावर उभे राहून दर आठवड्याला थोडे अधिक उंच पोहोचतात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पहिल्या हिवाळ्यात माझी जाळी बर्फाबाहेर जेमतेम वीतभर उरली होती. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा जाळीच्या वर खोडाची साल निम्म्या घेरात सोललेली होती आणि उघड्या लाकडावर दातांच्या बारीक, समांतर खुणा होत्या. साल पूर्ण घेरात गेली असती तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरले नसते आणि झाड गेले असते. आता पाव इंची लोखंडी जाळी तीन फूट उंच लावली आहे. फळ अजून धरलेले नाही, त्यामुळे त्याविषयी मत देत नाही.

हस्कॅपबद्दल मात्र मत बदलावे लागले. या लेखाचा पहिला मसुदा जूनच्या सुरुवातीला लिहिला, तेव्हा ‘आंबट, तुरट, पैसे फुकट’ असे लिहून ठेवले होते. ते वाक्य मी खोडले आहे. ही लांबट फळे बाहेरून निळी झाली तरी आतून बरेच दिवस हिरवट असतात, आणि मी ती तेव्हाच तोडून खात होते. मध्ये पावसाची झड लागली आणि झुडपांकडे फिरकणे झाले नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक फळ दोन बोटांत चिरडले, तर गर थेट कोकमाच्या रंगाचा निघाला आणि बोटे संध्याकाळपर्यंत जांभळी राहिली. चव पिकलेल्या करवंदाच्या जवळ जाणारी, फक्त चीक नाही. दोन्ही झुडुपांची मिळून दोन वाट्या फळे निघाली. ‘ऑरोरा’ आणि ‘बोरियल ब्लिझार्ड’ ही दोन्ही वाणे कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाची आहेत. परागीभवनासाठी दोन वेगळी वाणे लागतात, म्हणून एकच झुडूप घेऊन पैसे वाचवू नयेत. एप्रिलच्या अखेरीस फुले असताना दंव पडले, पण ही फुले उणे 7 सेल्सियसपर्यंत तग धरतात आणि एकही गळले नाही. ज्या झाडासाठी मी काहीच केले नाही, त्याने सर्वांत जास्त दिले.

हायड्रेंजियालाही न्याय द्यायला हवा. दुसऱ्या हिवाळ्याआधी मी त्याच्याभोवती जाळीचे कडे उभारून चार पोती मेपलचा पाला भरला. यंदा जुलैत तीन फुले आली, तिन्ही पाल्याखाली दबून राहिलेल्या जुन्या फांद्यांवर. रंग अप्रतिम आहे. पण तीन फुलांसाठी दरवर्षी एवढा खटाटोप मला परवडणारा नाही. ऑक्टोबरमध्ये पाने गळली की ते मोठ्या कुंडीत काढून गॅरेजमध्ये ठेवणार आहे, आणि त्या जागी येत्या मे महिन्यात ‘अ‍ॅनाबेल’ ही हायड्रेंजियाचीच दुसरी जात लावणार आहे. तिची फुले पांढरी असतात, पण ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात.