गच्चीवरची हॉप्सची वेल की पाकिटातल्या गोळ्या : सोलापूरच्या हवेत काय परवडते?

परदेशात असताना घरी बिअर बनवण्याची गोडी लागलेल्या आणि आता सोलापुरात परतलेल्या एका स्नेह्याने मध्यंतरी मला विचारले की, गच्चीवर हॉप्सची वेल लावावी की सुकवलेल्या हॉप्सची पाकिटे मागवावीत. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी, वेलीवर येणारी फुले. ही वेल मी स्वतः दोन वर्षे वाढवून पाहिली असल्यामुळे दोन्ही बाजू जरा सविस्तर मांडतो. त्याआधी कायद्याचे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. हा कायदा मद्याविषयी आहे, वेलीविषयी नाही. त्यामुळे ज्याला हॉप्सचा चहा किंवा आले-लिंबाचे बिनअल्कोहोलचे पेय करायचे आहे, अथवा ब्रूइंगचे, म्हणजे बिअर बनवण्याचे, शिक्षण घेण्याआधी त्यातला कच्चा माल हाताळून पाहायचा आहे, त्याने ही तुलना आपल्यासाठी आहे असे समजावे.

हॉप्स हे थंड प्रदेशाचे पीक असल्यामुळे ते आपल्याकडे येणार नाही, असे कोणीही सांगतो, आणि भारतातले उदाहरणही हिमाचलातल्या लाहौल खोऱ्याचेच दिले जाते. परंतु फुलण्यासाठी हिवाळी गारठा अनिवार्य नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले आहे. खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. जर्मनीतल्या हालरटाऊ भागात जून महिन्यात दिवस सुमारे १६ तासांचा असतो. त्या काळात वेल पाच-सहा मीटर किंवा त्याहूनही उंच चढते आणि दिवस आखडू लागले की फुलोऱ्यावर येते. सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर असल्याने आपला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच राहतो. परिणामी वेल पुरती वाढण्याआधीच फुलायला लागते. माझी पहिली वेल जानेवारीत लावली आणि ती मार्चअखेर साडेपाच फुटांवर फुलली. शंकूच्या आकाराची ती फुले, म्हणजेच कोन, मी अक्षरशः मोजली : चव्वेचाळीस. सुकल्यावर त्यांचे वजन नऊ ग्रॅम भरले. वीस लिटरच्या साध्या पेल एल बिअरला ५० ते १०० ग्रॅम हॉप्स लागतात, हे लक्षात घेतले तर या पिकाची किंमत वेगळी सांगायला नको.

उजेडाची उणीव मात्र दिव्याने भरून काढता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉर्ज शहराच्या परिसरात पूर्वी हॉप्सच्या मळ्यांना रात्री दिवे लावत, आणि पुढे तिथे लहान दिवसांना मानवणारे वाण तयार झाले. फ्लोरिडामध्ये एलईडी दिव्यांखाली वर्षातून दोन पिके घेण्याचे प्रयोग झाले आहेत. गच्चीवरच्या एका वेलीचा हिशोब तर फारच किरकोळ आहे. वीस वॅटचे दोन दिवे सूर्यास्तानंतर पाच तास याप्रमाणे पंच्याहत्तर दिवस जाळले, तर पंधरा युनिट वीज लागते. वेल हव्या त्या उंचीवर पोहोचली की दिवे बंद करायचे, म्हणजे ती आपोआप फुलोऱ्यावर येते.

ज्यावर असा स्वस्त उपाय नाही, ते म्हणजे आपला एप्रिल-मे आणि आपले पाणी. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की हॉप्सची पाने कडेने करपून कागदासारखी होतात, आणि पान उलटून पाहिले तर खाली लाल कोळी या किडीची जाळी दिसते. द्राक्षबागायतदारांना ज्या भुरी आणि डाऊनीची धास्ती असते, त्यांच्याच जातीतले रोग सप्टेंबरच्या दमट दिवसांत या वेलीवरही येतात. शंभर लिटरच्या पिंपातल्या माझ्या वेलीला उन्हाळ्यात सकाळी एक आणि संध्याकाळी अर्धी बादली पाणी द्यावे लागे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हा खर्च घरातल्यांच्या डोळ्यांवर येतो. आमची काळी माती चुनखडीची आणि पाणी धरून ठेवणारी असल्यामुळे ती पिंपात भरू नये. लाल माती, शेणखत, कोकोपीट आणि तळाला भरपूर भोके, एवढे पुरते.

म्हणून वेल लावायचीच असेल तर ती हिवाळ्यासाठी लावावी. कंद सप्टेंबरअखेर लावून, डिसेंबरपर्यंत दिवे देऊन, जानेवारी-फेब्रुवारीत कोन हाती येतील असे वेळापत्रक दुसऱ्या वर्षी मी धरले, तेव्हा दिवसा तीस अंश आणि रात्री पंधरा-सोळा अंशांच्या हवेत वेल सुखाने वाढली. मला ११० ग्रॅम सुके हॉप्स मिळाले. परदेशी पुस्तकांत एका भरात आलेल्या वेलीपासून अर्धा ते एक किलो मिळते असे वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

आता पाकिटाची बाजू. गोळ्या, म्हणजे पेलेट्स, या कोन दळून आणि दाबून केलेल्या असतात, आणि चांगला विक्रेता त्या हवा काढलेल्या, प्रकाश न शिरणाऱ्या पाकिटात देतो. पाकिटावर अल्फा आम्लाचे प्रमाण छापलेले असते आणि माझ्या मते सगळी तुलना या एका आकड्यापाशी येऊन थांबते. बिअरचा कडवटपणा अल्फा आम्ल उकळताना त्याचे रूप बदलल्यामुळे येतो. साझसारख्या वाणात ते तीन-चार टक्के असते तर मॅग्नममध्ये बारा-चौदा, आणि घरच्या कोनांत ते किती आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. अंदाजाने टाकलेले हॉप्स कधी फिके पडतात, तर कधी कडुनिंबाच्या काढ्याची आठवण करून देतात. अख्ख्या सुक्या कोनांपेक्षा गोळ्यांतून कडवटपणा थोडा अधिक उतरतो आणि त्या जागाही कमी घेतात. फक्त पाकीट मागवताना ते उन्हाळ्यात मागवू नये. आठवडाभर तापलेल्या गोदामात पडून आलेल्या माझ्या एका पाकिटाला जुन्या चीजसारखा वास येत होता. घरी आल्यावर ते फ्रीजरमध्येच ठेवावे.

मग वेलीच्या बाजूने उरते काय? ताजा सुगंध, आणि तो विकत मिळत नाही. पिकलेला कोन बोटांत दाबला की ओलसर न लागता कागदासारखा कुरकुरतो आणि सोडल्यावर पुन्हा फुगतो; मधून चिरला तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड दिसते. ती ल्युप्युलिन. बोटांना चिकटते आणि संत्र्याच्या सालीचा व राळेचा मिळून एक वास तासभर हाताला राहतो. तोडणी पूर्ण बाह्यांच्या शर्टात करावी, कारण वेलीच्या अंगावरच्या आखूड केसांनी दंडावर ओरखडे उठतात. ताज्या कोनात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते. शंभर ग्रॅम ताजे कोन सुकून बावीस-तेवीस ग्रॅमच उरतात. सुकवण्याचे तंत्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या बेदाणा शेडमध्ये ज्याने पाहिले आहे त्याला शिकवावे लागणार नाही : जाळीचे थर, सावली आणि खेळती हवा. सोलापूरच्या कोरड्या फेब्रुवारीत दोन-तीन दिवसांत मधली दांडी वाकण्याऐवजी तुटू लागते, तेव्हा काम झाले. ऊन मात्र दाखवू नये, सुगंध उडतो. घरात कुत्रा असेल तर हॉप्स, ताजे असोत वा उकळून उरलेला चोथा, त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत; ते त्याच्यासाठी विषारी आहेत.

माझे मत असे की, कडवटपणासाठी पाकीटच घ्यावे आणि वेल लावलीच तर एकच, केवळ उकळण्याच्या शेवटी टाकायच्या, सुगंधापुरत्या हॉप्ससाठी लावावी. ज्याला वर्षातून दोनदाच काही करून पाहायचे आहे, त्याने वेलीच्या भानगडीत पडू नये. परदेशातून कंद सामानात घालून आणण्याचा विचारही करू नये, कारण रोपे व कंद आयात करायला परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते.

स्नेह्याने अखेर दोन पाकिटे मागवली आणि माझ्या वेलीचा एक कंदही नेला. आधारासाठी त्याने यंत्रमागाचे सूत वळून दोरी केली होती, ती मी परत पाठवली. हॉप्सची वेल आपल्या केसांनी आधाराला धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वर चढते, आणि गुळगुळीत सुतावरून ती घसरते. तिला काथ्याची खरबरीत दोरीच लागते.