बेंझोनाटेट १०० मिलीग्रॅम: खोकल्याला चार तारे, पण डबी वरच्या कपाटात

फ्लू जातो, ताप उतरतो, आणि कोरडा खोकला मात्र मुक्काम ठोकून बसतो. अशा खोकल्यासाठी अमेरिकेत डॉक्टर हमखास ज्या पिवळ्या गोळ्या लिहून देतात, त्यांच्याबद्दल लिहितेय. छातीत कफ भरला असेल तर हे औषध तुमच्यासाठी नव्हे. तो कफ बाहेर पडायला हवा आणि त्यासाठी खोकावंच लागतं.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. दिवसा कसंबसं निभायचं, पण रात्री आडवं झालं की उबळ सुरू. बरगड्या दुखायला लागल्यावर जवळच्या अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जाता येतं अशा दवाखान्यात, गेले. तिथल्या बाईंनी छाती तपासली, फुप्फुसं साफ आहेत म्हणाल्या, प्रिस्क्रिप्शन फार्मसीला पाठवलं आणि मोकळ्या झाल्या. गोळी कशी घ्यायची, घरी लहान मूल आहे का, याबद्दल चकार शब्द नाही. ते सगळं सांगितलं फार्मसीतल्या काउंटरवरच्या माणसाने, तेही मागे रांग लागलेली असताना. त्याला वेगळे पाच तारे.

गोळी म्हणजे खरं तर मऊ कॅप्सूल. पिवळी, गोल, आरपार दिसणारी, आत तेलकट द्रव. जुनं ब्रँडनाव टेसलॉन, मला मिळाली ती जेनेरिक. औषध १९५८ पासून अमेरिकेत आहे. दाताचे डॉक्टर पूर्वी हिरडीत बधिर करणारं जे प्रोकेनचं इंजेक्शन देत, त्याच्या भावकीतलंच हे. पोटात गेल्यावर श्वासनलिका आणि फुप्फुसांतल्या, ताण पडला की खोकल्याचा निरोप धाडणाऱ्या नसांच्या टोकांना ते मंद करतं. कोडीनसारखं अफूच्या कुळातलं नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत असर सुरू होतो आणि तीन ते आठ तास टिकतो.

आता कळलंच असेल की ती चघळायची का नाही. तोंडात फुटली तर जीभ, गाल, घसा सगळं बधिर होतं, आणि बधिर घशाने गिळायला गेलं की घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून चावायची नाही, चोखायची नाही, कापून मधात घालायची नाही. (हो, आमच्याकडे हा प्रस्ताव आला होता. सासूबाईंकडून.) अख्खी गिळायची, बसून, पाण्याबरोबर. चुकून फुटलीच तर बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, आणि श्वासाला किंवा गिळायला त्रास होतोय असं वाटलं तर सरळ ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन.

माझा अनुभव चांगला. खोकला बंद होत नाही, पण उबळ वर येते आणि मध्येच विरते. झोप लागली हे महत्त्वाचं. डोकं जरा जड वाटायचं, त्यामुळे गोळी घेऊन गाडी चालवली नाही. काहींना चक्कर येते, मळमळतं, क्वचित भ्रम झाल्यासारखंही होतं. दाताकडच्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनची कधी ॲलर्जी आली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. माझ्या लेबलवर लागेल तसं, दिवसातून तीनदा एक गोळी, असं होतं. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा एका वेळी २०० आणि दिवसात ६०० मिलीग्रॅम. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

खरा विषय पुढे आहे. आमची लेक चार वर्षांची, आणि ही गोळी दिसते डिट्टो लिमलेटच्या गोळीसारखी. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ती नाहीच. २०१० च्या डिसेंबरात एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, खास इशारा काढला होता, कारण लहान मुलांनी चुकून गिळून मृत्यू झाले होते. दोन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर एक-दोन गोळ्याही जिवावर बेतल्यात. पंधरा-वीस मिनिटांत अस्वस्थपणा, थरथर, झटके सुरू होऊ शकतात आणि तासाभरात हृदय बंद पडू शकतं. याला ठरावीक उतारा नाही. तेव्हा ‘जरा वाट बघू’ हा प्रकार नको, आणि घशात बोटं घालून ओकारी काढणंही नको. मूल व्यवस्थित दिसत असलं तरी लगेच पॉइझन कंट्रोलला, म्हणजे अमेरिकेतल्या विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन: १-८००-२२२-१२२२. फुकट आहे, चोवीस तास चालतो, दुभाषाही मागता येतो. झटका आला, मूल कोसळलं, श्वास नीट नसला तर ९११.

भारतातून आईवडील आलेत अशा घरांनी इथे थांबून वाचा. फार्मसीतून येणाऱ्या नारिंगी बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं असतं, ते पोरांना सहसा उघडत नाही. आणि आपले ज्येष्ठ काय करतात? बोटं दुखतात म्हणून गोळ्या काढून सोमवार-मंगळवारच्या प्लॅस्टिकच्या डबीत भरतात आणि ती डबी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. सासूबाईंनी मदत म्हणून माझ्याही गोळ्या त्यांच्या डबीत भरायला घेतल्या होत्या. “आई, ह्या बाटलीतच राहू देत,” म्हटलं आणि बाटली वरच्या कपाटात कुलपात टाकली. थोडा रुसवा झाला, चालायचंच.

सासऱ्यांची तऱ्हा वेगळी. “सूनबाई, ती पिवळी गोळी मलाही दे एखादी. मलाही खोकला आहेच की.”

“बाबा, ती माझ्या नावावर लिहून दिलेली आहे.”

“खोकला तो खोकला. तुझा इंग्लिश नि माझा मराठी असतो का?”

बोलण्यात हार जाणारी मी नाही, पण इथे वाद घालण्यापेक्षा त्यांच्या औषधांची यादी बघितली. ब्लड प्रेशरसाठी रामिप्रिल. या गटातल्या औषधांनी, म्हणजे एनालाप्रिल, लिसिनोप्रिलनेही, काही लोकांना कोरडा, टोचरा खोकला लागतो, तोही कधी कधी औषध सुरू करून कित्येक महिने झाल्यावर. साताऱ्याच्या त्यांच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी रामिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन दिलं आणि काही आठवड्यांत बाबांचा खोकला ओसरला. माझी गोळी दिली असती तर खोकला दबला असता आणि कारण तसंच राहिलं असतं. बीपीची गोळी मात्र कुणी आपल्या मनाने थांबवू नका, बदल डॉक्टरच करतील. आणि खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं, धाप लागली किंवा वजन उतरायला लागलं, तर हे औषध मागायला न जाता तपासून घ्यायला जा.

एक तारा कापलाय तो रंगरूपासाठी. इतकं धोक्याचं औषध इतकं गोड दिसणारं कशाला? करा की करडं, मळकट. मोठी माणसं घेतील तरी.

उरलेल्या गोळ्या पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवल्या नाहीत. फार्मसीत जुनी औषधं टाकायची पेटी असते, तिथे टाकल्या. जवळ पेटी नसेल तर वापरलेल्या कॉफीच्या किंवा चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी घट्ट बंद करून कचऱ्यात टाका, आणि रिकाम्या बाटलीवरचं नाव खोडायला विसरू नका.