गाडीबंदी: ॲपवाल्यांची आणि सरकारी

उबरने मे 2019 मध्ये अमेरिका-कॅनडात जाहीर केलं की चालकांनी दिलेलं रेटिंग फारच घसरलं तर प्रवाशाचं खातं बंद होऊ शकतं. आधी सूचना मिळते, हे खरं. पण नियम कंपनीचा आणि निवाडाही कंपनीचाच. 'खाते निष्क्रिय' एवढं स्क्रीनवर आलं की भांडायचं कोणाशी?

सार्वजनिक गाडीचं तसं नाही. कॅलिफोर्नियातली बार्ट रेल्वेही बंदी घालते, पण कायद्यात बसणाऱ्या गुन्ह्यांसाठीच. आदेश लेखी, मुदतीचा, वर अपिलाची सोय. अंमलबजावणी मात्र कठीण: गर्दीत बंदीवाला ओळखणार कोण? ॲपला ते चुटकीसरशी जमतं. तरी मला बार्टचीच पद्धत पटते, कारण ज्याच्याकडे दुसरी गाडीच नाही, त्याची बंदीमुळे नोकरीही जाऊ शकते; मग दाद मागायची सोय हवीच.